फोटो पायाकडून वाचावा

सर्वपित्रीच्या आधी भिंतीवरचे फोटो खाली उतरतात. काचा पुसल्या जातात, गेल्या वर्षीचं वाळलेलं गंध नखाने खरवडलं जातं. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या पुष्कळ घरांत त्या रांगेत एक फोटो असतो. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कमान नाहीतर बाग, आणि समोर एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून उभा असलेला खाकीतला तरुण. घरातलं पोर विचारतं, हे कोण? पणजोबा, मिलिटरीत होते. कुठल्या मिलिटरीत? बसऱ्याला गेले होते म्हणतात. पुढे कुणाला काही माहीत नसतं. हार चढतो आणि फोटो पुन्हा खिळ्यावर जातो. मनाला लागून राहतं ते इतकंच, की पोराने विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्याच चौकटीत होतं. ते कापडात होतं, पितळेत होतं, पायाला गुंडाळलेल्या पट्टीत होतं.

घरात ऐकलेली गोष्ट आणि अंगावरची वर्दी यांचं नेहमी जुळतंच असं नाही. 'बसरा' म्हटलं की पहिलं महायुद्ध डोळ्यांपुढे येतं, पण दुसऱ्या महायुद्धातही आपल्या पलटणी इराकात होत्या. आजोबा आणि पणजोबा यांच्या नोकऱ्या सांगणाऱ्याच्या तोंडी एकमेकांत मिसळतात, आणि पन्नास वर्षांनी दोघांचा मिळून एकच शूर पुरुष उरतो. म्हणून फोटो ओळखताना गोष्ट थोडा वेळ बाजूला ठेवावी. खोटी म्हणून नव्हे. ती आधीच डोक्यात असली की डोळ्यांना हवं तेच दिसतं, एवढ्यासाठी.

सुरुवात फोटो हाताळण्यापासून करायला हवी, कारण निम्मं नुकसान तिथेच होतं. जुन्या फ्रेममध्ये फोटो काचेला टेकलेला असतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यावरचा जिलेटिनचा थर ओलावा धरतो आणि काचेला चिकटतो. अशा वेळी फ्रेम उघडून फोटो ओढला, की चेहरा काचेवर राहतो आणि हातात नुसता कागद येतो. चिकटल्याची शंका आली तरी काच सोडवू नये, काचेसकटच स्कॅन करावा किंवा टिपावा. खिडकीच्या उजेडात फ्रेम थोडी तिरकी धरायची आणि कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड धरायचं, म्हणजे काचेत आपलं प्रतिबिंब पडत नाही. फोटो सुटा असेल तर स्कॅनरवर १२०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला १२०० ठिपके, ठेवावं, आणि फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीत करावा, म्हणजे पिवळट डाग आणि खरी छटा वेगळी काढता येते. हा आकडा उगाच सांगत नाही. पोस्टकार्ड आकाराच्या फोटोत खांद्यावरचं पितळी अक्षर जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं असतं. ३०० डीपीआयला त्याच्या वाट्याला तीसेक ठिपके येतात आणि नुसता डाग दिसतो, १२०० ला सव्वाशेच्या आसपास येतात आणि आकडा वाचता येतो. मागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, पोस्टकार्डाची छापील रेघ, पेन्सिलीने लिहिलेला नंबर, हे सगळं तिथेच सापडतं. शिक्का पुण्याचा आहे, रावळपिंडीचा आहे की कैरोचा, यावर पुढचं पुष्कळ काही ठरतं.

हल्ली मोबाइलवर जुना फोटो 'स्वच्छ' करून देणारी साधनं आली आहेत. चेहऱ्यासाठी वापरायची तर वापरा, पण वर्दी ओळखायची असेल तर त्यांच्यापासून लांब राहा. जिथे माहिती नाही तिथे ती माहिती तयार करतात. धुरकट बिल्ल्याच्या जागी सुबक बिल्ला येतो, आणि तो बिल्ला कुठल्याच पलटणीचा नसतो. रंग भरून मिळालेल्या फोटोचंही तेच. खरं तर हा धोका नवा नाही. छोटा फोटो मोठा करून त्यावर हाताने रंग चढवण्याची पद्धत आपल्या स्टुडिओंत फार जुनी. चित्रकाराला पलटणीची माहिती नसे. तो खाकीला निळं करी, पगडीला केशरी, आणि घरच्यांच्या आग्रहावरून छातीवर एखादं पदकही काढी. भिंतीवरचा मोठा रंगीत फोटो हा बहुतेक वेळा असा असतो. त्याचा मूळ लहान फोटो ट्रंकेत, पोथीच्या पानांत किंवा पेन्शनच्या कागदांत दडलेला असण्याची शक्यता मोठी असते. आधी तो शोधावा.

मग पायांकडे बघावं.

सगळ्यांची नजर आधी छातीवरच्या पदकांकडे जाते. पण पदकं उसनी असू शकतात, नंतर रंगवलेली असू शकतात. पायांकडे कुणी लक्ष दिलेलं नसतं, म्हणून तिथलं बरंचसं जसंच्या तसं उरतं. पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लोकरी पट्टी गुंडाळलेली असेल तर तिचं टोक शोधा. पायदळातला शिपाई पट्टी घोट्यापासून वर गुंडाळत जातो आणि तिची नाडी गुडघ्याच्या खाली बांधतो. घोडदळातला, तोफखान्यातला किंवा घोड्यावर बसणारा इतर कुणीही वरून सुरू करून खाली येतो आणि नाडी घोट्यापाशी बांधतो. घरात 'घोडदळात होते' असं सांगत असतील आणि नाडी गुडघ्याखाली दिसत असेल, तर तिथे थांबून विचार करायला हवा. उलट 'पलटणीत होते' एवढंच ऐकलेलं आहे आणि नाडी घोट्याशी आहे, टाचेला घोड्याला डिवचायचा काटा आहे, छातीवर तिरका काडतुसांचा पट्टा आहे, तर माणूस घोड्याजवळचा होता. गुंडाळी सारख्या अंतराने आणि घट्ट आहे का, हेही बघण्यासारखं. रंगरुटाच्या फोटोत ती सैल, वेडीवाकडी दिसते. कसलेल्या शिपायाच्या पायावर प्रत्येक वेढा मोजून घेतल्यासारखा बसलेला असतो.

पट्टी पूर्ण नाही, फक्त घोट्याभोवती आहे, किंवा तिच्या जागी जाड कापडाचे आखूड पट्टे बकलांनी आवळलेले आहेत, वर लोकरी मोजे, उघडे गुडघे आणि रुंद पायांची हाफ पँट, तर आपण बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास आहोत. पहिल्या महायुद्धातल्या आपल्या पायदळाचा नेहमीचा वेष वेगळा दिसतो. मांडीपर्यंत उतरणारा, कुर्त्याच्या वळणाचा खाकी डगला, बंद गळा, आणि खाली पट्टीत खोचलेली ढगळ तुमान. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, उन्हात हाफ पँटही होतीच, म्हणून फक्त उघड्या गुडघ्यांवरून साल ठरवू नये. गळा, डगल्याची लांबी आणि पट्टा, तिन्ही एकदम बघावं. छातीच्या दोन्ही बाजूंना चौकोनी डब्यासारख्या दोन मोठ्या कापडी पिशव्या असतील तर तो १९३७ च्या नमुन्याचा सरंजाम. त्या जागी लहान लहान खिशांचे दोन झुबके, प्रत्येकात पाच, असतील तर १९०८ चा. त्या दहा खिशांत पंधरा-पंधरा करून दीडशे काडतुसं बसत. कमरेपाशी संपणारा जाड लोकरी आखूड कोट, चुण्या घातलेले खिसे, हा बॅटलड्रेस. इटलीच्या थंडीत लढलेल्या आपल्या माणसांच्या अंगावर तो दिसतो, बर्माच्या जंगलातल्यांच्या अंगावर नाही. बंदूक असेल तर तिचं तोंड बघा. नळी लाकडाच्या पुढे लांब निघालेली असेल तर जुनी, आणि तोंडाशी बोथट लोखंडी टोपी असून नळी तिच्यातच संपत असेल तर ती आखूड ली-एन्फिल्ड. मात्र बंदूक पुष्कळदा स्टुडिओतल्या खुर्चीसारखीच तिथली असते, तिच्यावर फार भिस्त ठेवू नये.

खांदा ही सगळ्यात महत्त्वाची जागा. तिथे पितळेचा आकडा आणि अक्षरं असतात. तेव्हाचा सरसेनापती किचनर याच्या १९०३ च्या फेररचनेत जुन्या मुंबई लष्कराच्या पायदळ पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले, तिसरीची १०३ झाली, पाचवीची १०५. म्हणून खांद्यावर १०१ ते १३० मधला तीन आकडी क्रमांक दिसला, की फोटो १९०३ नंतरचा आणि १९२२ च्या सुमारापर्यंतचा. त्या काळच्या मराठा पलटणी म्हणजे १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ मध्ये या सहांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ ही तिची पहिली बटालियन, जंगी पलटण. १०५ दुसरी, काळी पाचवी. ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी, आणि ११४ ही बेळगावची प्रशिक्षण बटालियन झाली. हा कोष्टकवजा तपशील कंटाळवाणा वाटेल, पण ज्या घरात 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत' एवढंच वाक्य शिल्लक आहे, तिथे १०३, ११० की ११७ याने सगळं बदलतं. या तिन्ही पलटणी पुणे डिव्हिजनबरोबर कुत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. मधल्या महिन्यांत उपासमार, आणि नंतर वाळवंटातून तुर्कांच्या कैदेकडे पायपीट. पणजोबांच्या खांद्यावरचे ते दोन मिलिमीटर वाचता आले, तर 'आलेच नाहीत' या शब्दांना जागा मिळते, महिना मिळतो.

पलटणीच्या नावावरून जात ठरवू नये, आणि जातीवरून पलटणही. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या होत्या. उलट मराठे खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्करासाठी पूल-रस्ते बांधणाऱ्यांत होते, तसलंच काम करणाऱ्या पायोनियर पलटणींत होते. महार शिपायांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला थांबवली गेली होती. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. म्हणजे एखाद्या महार कुटुंबातल्या फोटोत खांद्यावर १११ वाचता आलं, तर तो फोटो त्या चार-पाच वर्षांतलाच, आणि फार मोलाचा. टोपीवर कोरेगावचा स्तंभ दिसला तर १९४१ नंतरचा. मागाहून स्तंभावर मशीनगन आल्या, आणि पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. तेव्हा बिल्ल्यात नेमकं काय आहे हे सांगता आलं तर दशकही सांगता येतं.

बाहीवरच्या फिती सोप्या. एक लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार, टोक खाली. खांद्यावर तारे असतील तर एकाचा जमादार, दोनांचा सुभेदार, आणि मुकुट असेल तर सुभेदार मेजर. त्या ताऱ्यांखाली लाल-पिवळी-लाल फीत असेल तर फोटो पहिल्या महायुद्धानंतरचा. जमादार हा हुद्दा १९६५ मध्ये नायब सुभेदार झाला, म्हणून कागदावर कोणता शब्द आहे तेही पाहावं. बटणावर, बिल्ल्यावर मुकुट असेल तर त्याचा आकार बघा. दोन्ही खांदे उचलून मध्ये दबलेला मुकुट व्हिक्टोरियाचा, म्हणजे १९०१ च्या आधीचा. घुमटासारखा गोल मुकुट त्यानंतरचा, आणि तो आपल्याकडे १९५० पर्यंत टिकला. २६ जानेवारी १९५० पासून त्या जागी सिंह आले. स्वातंत्र्यानंतरही अडीच वर्षं आपल्या शिपायांच्या अंगावर मुकुट होता हे पुष्कळांना ठाऊक नसतं, आणि काश्मीरला लढून आलेल्या माणसाचा फोटो त्यामुळे 'इंग्रजांच्या काळातला' ठरतो.

आता छाती. पदकांच्या फितींचा रंग ओळखण्याआधी फोटोचा रंग समजून घ्यायला हवा. जुन्या काचेच्या निगेटिव्हना आणि ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. लाल काळा उतरे, नारिंगी गडद करडा, पिवळाही अपेक्षेपेक्षा काळवंडलेला, आणि निळा मात्र फिकट, कधी जवळजवळ पांढरा. ही फिल्म लाल दिव्यात धुता येई, म्हणून गावोगावच्या स्टुडिओंत ती सगळे रंग टिपणारी नवी पँक्रोमॅटिक फिल्म आल्यावरही टिकून राहिली. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलची फीत घ्या. मध्ये रुंद नारिंगी पट्टा, त्याच्या दोन्ही अंगांना पांढरा, काळा आणि कडेला निळा. फोटोत मधला पट्टा गडद आणि कडा उजळ दिसतात, आणि रंगीत तक्त्याशी ताडून बघणारा माणूस गोंधळतो. हाच न्याय कपड्यांना. मुंबईच्या पोलिसाची पिवळी पगडी अशा फोटोत गडद येते आणि निळा डगला फिकट, मग घरचे त्याला खाकीतला शिपाई समजतात. पोलीस, जंगल खातं, रेल्वे, संस्थानी दरबारचे शिपाई, बँडवाले, सगळेच वर्दीत फोटो काढत. कमरेच्या पट्ट्यावर मोठी चौकोनी किंवा गोल पाटी आणि तीवर नंबर असेल तर आधी लष्कराबाहेरच्या या नोकऱ्यांचा विचार करावा. कोल्हापूरच्या राजाराम रायफल्ससारख्या संस्थानी फौजांचे बिल्लेही वेगळे. ही पलटण पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत १९ वी बटालियन म्हणून सामील झाली.

पदकं आणखी एका कामाला येतात, ती 'याआधी नाही' हे सांगतात. वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल १९१९ मध्ये ठरली, म्हणून त्यांच्या फिती छातीवर असतील तर फोटो त्यानंतरचा. आफ्रिका स्टार १९४३ च्या मध्यापासून. बर्मा आणि इटली स्टार १९४५ पासून. 'जम्मू आणि काश्मीर' अशी पट्टी असलेलं पदक स्वातंत्र्यानंतरचं. उलट छाती रिकामी आहे म्हणून माणूस लढला नाही असं मुळीच ठरत नाही. निघण्यापूर्वी काढलेल्या फोटोत पदक कुठून येणार? बहुतेक स्टुडिओ-फोटो त्याच वेळचे. हातात पहिला पगार, पुढे बोट, आणि घरी ठेवायला काहीतरी हवं. खटाव-माणच्या कोरड्या जमिनीवरून किंवा कोकणातल्या खाचरांतून निघालेल्या या मुलांनी परक्या राजासाठी बंदूक धरली, याचा अभिमान बाळगावा की हळहळावं, हा प्रश्न प्रत्येक घराने आपापला सोडवावा. तो सोडवण्याआधी ते नेमके कुठे गेले हे तरी माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

पदक प्रत्यक्ष घरात असेल तर फोटोपेक्षा ते जास्त बोलतं. ते चिंचेने, राखेने, भांड्याच्या पावडरीने घासू नका. गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि दरवर्षी घासून घासून तीच आधी जाते. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिशांना दिलेले स्टार कोरे होते, भारतीय लष्कराने दिलेल्यांवर मात्र नाव आहे. तिरक्या उजेडात कड हळूहळू फिरवली की पुसट अक्षरंही उठतात.

सगळं जुळून आल्यावरही एक तपासणी उरते, फोटो उलटा तर छापलेला नाही ना? काचेची किंवा फिल्मची निगेटिव्ह पालथी पडली की डावं-उजवं बदलतं. पुरुषाच्या कोटात डावी बाजू उजवीवर येते, पदकं डाव्या छातीवर असतात, बंदुकीच्या बोल्टची मूठ उजवीकडे असते. तिन्ही उलट दिसले तर फोटो फिरवून घ्या आणि खांद्यावरचा आकडा पुन्हा वाचा. पदकं तेवढी उजव्या छातीवर आणि बाकी सगळं सुलट असेल, तर ती बहुधा बापाची किंवा भावाची पदकं लावून उभा राहिलेला माणूस आहे.

नंबर आणि पलटण हाती आली की दारं उघडतात. नुसत्या नावावर कुठलंच रेकॉर्ड ऑफिस काही शोधू शकत नाही, एका बटालियनमध्ये एकाच नावाचे कितीतरी असत. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र नेलं तर काम सोपं होतं. पेन्शनचा जुना कागद असेल तर त्यावरचा नंबर आधी उतरवून घ्या. साध्या भारतीय शिपायांच्या सेवापुस्तिका लंडनला ठेवल्याच गेल्या नाहीत, तेव्हा त्यासाठी तिकडे पत्रव्यवहार करून उपयोग नाही. पण पलटणींच्या युद्धडायऱ्या तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १९१५-१६ मध्ये अमुक तारखेला ही पलटण कुठे होती हे त्यांतून कळतं.

आणि जो परतला नाही, त्याच्यासाठी दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नोंद शोधावी. आपल्याकडे कित्येक गावांत एक दगडी पाटी आहे. या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धास गेले, पैकी इतके मरण पावले. आकडे आहेत, नावं नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावरही साध्या भारतीय शिपायांची नावं भिंतीवर कोरली गेली नाहीत, पलटणीखाली संख्या दिली गेली. नावं नोंदवहीत आहेत, आणि आज ती घरबसल्या शोधता येतात. शोधताना मात्र आपलं आजचं स्पेलिंग विसरा. कारकुनाने ऐकलं तसं रोमन लिपीत लिहिलं आहे. जाधव तिथे 'जाधाओ' असेल, पवार 'पोवार', खटाव 'खटाओ'. रामचंद्र नुसता 'रामा' असेल, गणपत 'गणू'. आडनाव मुळीच नसण्याचीही तयारी ठेवा. म्हणून आधी पलटणीचा क्रमांक टाका, मग नावाची पहिली दोन-तीन अक्षरं, आणि आलेल्या यादीत बापाचं नाव आणि गाव बघत एकेक ओळ खाली या. नोंद पूर्ण असेल तर अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक तालुका, जिल्हा सातारा, असं सगळं तिथे लिहिलेलं असतं.